पैदाशीच्या बोकडाला जंत जास्त का होतात?



पावसाळा आला की शेळ्यांना जंताचे औषध पाजायची आठवण होते. आपण करडे बघतो, गाभण शेळ्या बघतो. पैदाशीचा बोकड मात्र धडधाकट दिसतो, म्हणून मागे राहतो. खरे तर त्याच्याकडेही तितकेच लक्ष हवे. का, ते बघू या.

जोम वाढतो, प्रतिकार घटतो

बोकड वयात आला की त्याच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. जाड मान, उग्र वास, मस्ती ही सारी त्याचीच करामत. पण हेच संप्रेरक रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा जोरही कमी करते. त्यामुळे पोटात शिरलेले जंत हुसकावून लावायला नराचे शरीर मादीपेक्षा कमी पडते. लहान करडांत नर-मादी असा फरक फारसा दिसत नाही. तो वयात आल्यावर दिसतो.

हे कशावरून? 1980च्या दशकात जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे उंदरांवर प्रयोग झाले. उंदरांच्या हिवतापाचे परोपजीवी जंतू टोचले, तेव्हा माद्या बऱ्याच वाचल्या, नर दगावले. मग माद्यांना आधी काही आठवडे टेस्टोस्टेरॉन दिले, तर त्याही दगावू लागल्या. म्हणजे फरक संप्रेरकाचाच.

बोकडाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हंगामात तो शेळ्यांमागे धावतो, चारा कमी खातो, अंगाने उतरतो. मग जंतांचे फावते.

नुकसान एकट्याचे नाही

शेळ्या-मेंढ्यांतला सर्वांत घातक जंत म्हणजे चौथ्या पोटात राहून रक्त शोषणारा हिमॉन्कस. त्याची एक मादी दिवसाला 5 ते 10 हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून कुरणात पडतात. दमट हवेत आठवडाभरात अळ्या तयार होऊन ओल्या गवतावर चढतात. म्हणजे एक जंतग्रस्त बोकड सगळ्या कळपाचे कुरण खराब करतो. आणि भर हंगामात तोच आजारी पडला, तर वीस-पंचवीस शेळ्या भाकड राहण्याची वेळ येते.

काय करावे?

1. दर पंधरा दिवसांनी बोकडाची खालची पापणी उलटून बघा. आतून लाल असेल तर ठीक. फिकट गुलाबी असेल तर सावध व्हा. पांढरी पडली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जबड्याखाली पाण्याची सूज आली तरी तेच करा.

2. हंगामाआधी त्याच्या ताज्या लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या.

3. औषध अंदाजाने पाजू नका. बोकड वजनाला भारी असतो. शेळीच्या मापाने दिलेला डोस त्याला अपुरा पडतो. अपुऱ्या डोसाने जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. वजन करा आणि डॉक्टरांना विचारूनच औषध व डोस ठरवा. मेंढीचा डोस शेळीला पुरेलच असे नाही.

4. हंगामात हिरव्या चाऱ्याबरोबर पेंडयुक्त खुराक द्या. प्रथिने मिळाली की शरीर जंताशी बरे झुंजते.

5. दव असताना, सकाळी लवकर चरायला सोडू नका.

6. पैदाशीला नको असलेली नर करडे डॉक्टरांकडून वेळेवर खच्ची करून घ्यावीत, किंवा वयात येण्याआधी वेगळी ठेवावीत.

शेळी विण्याच्या सुमारास तिचाही प्रतिकार कमी होतो, तेव्हा तिलाही विसरू नका. मात्र गाभण शेळीला कोणतेही जंतनाशक डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. काही औषधे गर्भाला बाधतात.

बोकड म्हणजे अर्धा कळप, असे जाणते पशुपालक म्हणतात. या अर्ध्या कळपाची पापणी उद्या सकाळीच उलटून बघा!