बाळ बोलत नाही? आधी कान तपासा!

भोकरमधील माझ्या दवाखान्यात एके दिवशी एक आजीबाई नातीला कडेवर घेऊन आल्या. मुलगी चुणचुणीत, नजर तेज, पण वयाची साडेतीन वर्षे उलटली तरी एक शब्द बोलत नव्हती. "हिचा बाप बी उशिरानंच बोलला डॉक्टरसाहेब. जिभेला काही औषध द्या," आजी म्हणाल्या. ऐकू येते का, असे विचारताच त्या ठामपणे म्हणाल्या, "येतं की! थाळी वाजवली की वळून बघती."

मी आईला मुलीसमोर बसवले आणि पाठीमागून, मुलीला दिसणार नाही अशा बेताने, हळू आवाजात हाका मारल्या. मुलगी आईच्या बांगड्यांशी खेळत राहिली. पुढे नांदेडला तपासणी झाली आणि दोन्ही कानांत तीव्र बहिरेपणा असल्याचे निष्पन्न झाले. दोष जिभेत नव्हताच, तो कानात होता.

वाचकहो, ज्याला आपण 'मुका' म्हणतो त्याची जीभ आणि घसा बहुधा ठणठणीत असतात. मूल ऐकून ऐकूनच बोलायला शिकते. जे कानावर पडलेच नाही ते तोंडून येणार कसे?

थाळीची परीक्षा का फसते?

थाळी वाजवणाऱ्याचा हात मुलाला दिसतो, सावली हलते, जमिनीचा कंप जाणवतो. शिवाय अनेक बहिऱ्या मुलांना थोडेफार ऐकू येते. थाळीचा, कुकरच्या शिट्टीचा मोठा आवाज त्यांना कळतो, पण बोलण्यातील 'स', 'त', 'क' असे बारीक आवाज कळत नाहीत. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे जन्मतः बहिरे बाळसुद्धा सुरुवातीचे काही महिने हुंकार देते, बडबडते. त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. पुढे ही बडबड मंदावते, तेव्हा मात्र कुणाचे लक्ष नसते.

अचूक तपासणी कशी होते?

आपल्या अंतर्कर्णात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या ध्वनीच्या लहरींचे विद्युतसंदेशात रूपांतर करतात आणि तो संदेश नसेवाटे मेंदूकडे जातो. १९७८ साली लंडनमधील डेव्हिड केम्प या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की निरोगी कान आवाज ऐकतो तेव्हा स्वतःही अतिशय क्षीण असा आवाज परत पाठवतो. याच शोधावर ओएई ही चाचणी उभी आहे. दूध पिऊन झोपलेल्या बाळाच्या कानात छोटे बोंडूक बसवतात आणि काही मिनिटांत निकाल कळतो. सुई नाही, वेदना नाही.

या चाचणीत शंका आली तर बेरा चाचणी करतात. डोक्याला छोट्या पट्ट्या चिकटवून आवाजाचा संदेश नसेतून मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही, हे यंत्र पाहते. बाळाने उत्तर देण्याची गरज नसल्याने ती कोणत्याही वयात करता येते.

घाई कशासाठी?

जगभरचे तज्ज्ञ १-३-६ हा नियम सांगतात. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील १५० मुलांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे निदान सहा महिन्यांच्या आत झाले, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. कारण भाषेसाठी मेंदूची जमीन पहिल्या काही वर्षांतच भुसभुशीत असते. मृगाची पेरणी दिवाळीत करून चालत नाही, तसेच हे आहे.

येथे एक कबुली देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आईने दीड वर्षाच्या मुलाबद्दल हीच शंका बोलून दाखवली होती. "थोडे थांबू, काही मुले उशिरा बोलतात," असे मीच म्हणालो. ते मूल पुन्हा आले तेव्हा चार वर्षांचे होते. आईची शंका खरी होती, चूक माझी होती. तेव्हापासून 'थांबू' हा शब्द मी सोडून दिला.

कोणत्या बाळांची विशेष काळजी घ्यावी?

जन्मतः न रडलेले, कमी वजनाचे, काचेच्या पेटीत ठेवावे लागलेले, तीव्र कावीळ किंवा मेंदूज्वर झालेले बाळ. गरोदरपणी आईला रुबेला झाला असेल तरीही धोका असतो, म्हणून गोवर-रुबेला लस चुकवू नये. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. बहिरेपणाचा दोष दोघांत सुप्त असेल, तर दोघांनाही उत्तम ऐकू येत असूनही प्रत्येक अपत्यात तो प्रकट होण्याची शक्यता चारात एक असते. जवळच्या नात्यात असा सुप्त दोष दोघांत सारखाच असण्याचा संभव वाढतो. यात सुनेला दोष देणे निव्वळ अन्याय आहे.

घरी लक्षात ठेवा

• तीन महिने : मोठ्या आवाजाने दचकते.
• सहा महिने : आवाजाच्या दिशेने मान वळवते.
• एक वर्ष : नावाने हाक मारल्यास बघते, एखादा शब्द बोलते.
• दोन वर्षे : दोन शब्द जोडून बोलते.

यांपैकी काही चुकले तर कानात तेल घालत किंवा नवस बोलत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्यांना शंका स्पष्ट सांगा. नांदेडला विष्णुपुरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. श्रवणयंत्रासाठी केंद्र सरकारची अडिप योजना आहे. २०१४ पासून तिच्यात लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांट शस्त्रक्रियेचाही समावेश आहे. त्यासाठी वयाची आणि उत्पन्नाची अट असते, म्हणूनही उशीर नको. यंत्र बसवल्यावर बोलण्याचे शिक्षण मात्र नेटाने चालू ठेवावे लागते.

त्या मुलीला आता श्रवणयंत्र बसले आहे. परवा आजी पुन्हा आल्या. मुलगी अजून वाक्य बोलत नाही, पण पाठीमागून हाक मारली तेव्हा तिने वळून पाहिले. आजींनी विचारले, "आधी आणलं असतं तर?" या प्रश्नाचे उत्तर देणे मला जड गेले. वाचकहो, तुमच्या घरी हा प्रश्न विचारण्याची वेळ येऊ देऊ नका. नांदेडच्या एका खेपेला एसटीचे भाडे लागते, एक दिवसाचा रोज बुडतो. पण बाळाची भाषा त्याहून मोलाची आहे.