हरवलेल्या जाणिवेला दुसरी वाट

स्नायू आकसतो तेव्हा त्याच्या तंतूंमधून विजेची बारीक लहर जाते. त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचताना ती इतकी क्षीण होते की बहुधा व्होल्टच्या हजाराव्या भागाइतकीही उरत नाही. ईएमजी (स्नायूंतल्या विजेची नोंद) बायोफीडबॅकचे यंत्र ही लहर हजारो पटींनी वाढवते, भिंतीतल्या वायरिंगमुळे येणारी ५० हर्ट्‌झची घरघर गाळून टाकते आणि उरलेला संदेश पडद्यावरच्या चढत्या-उतरत्या पट्टीत किंवा आवाजात बदलते. स्नायूने किती जोर लावला, हे रुग्णाला त्याच क्षणी डोळ्यांनी दिसते किंवा कानांनी ऐकू येते.

फिजिओथेरपीच्या खोलीत तारा दिसल्या की रुग्ण त्याला ‘करंट लावणे’ म्हणतात. या यंत्राबाबत मात्र ते खरे नाही. इथला इलेक्ट्रोड शरीरात काहीही सोडत नाही, फक्त ऐकतो. स्नायूला झटका देऊन आकसायला लावणारे स्टिम्युलेटर वेगळे. दोन्ही एकत्र जोडलेली यंत्रेही असतात. त्यांत रुग्णाने स्वतः ठरावीक पातळीपर्यंत जोर लावल्याशिवाय करंट सुरू होत नाही.

लकव्याच्या रुग्णाला याचा उपयोग का व्हावा? धडधाकट माणसात मेंदू हुकूम देतो आणि स्नायू, सांधे, त्वचा यांच्याकडून काम झाल्याची वर्दी परत येते. लकव्यात हुकूम दुबळा होतो आणि अनेकदा वर्दीही येईनाशी होते. पाऊल उचलायचा प्रयत्न करूनही ते हलले नाही, की रुग्ण सगळे संपले असे समजतो. पडद्यावरची पट्टी मात्र कधी कधी थोडी हललेली असते. तेवढी खूण पुरते. पट्टी एका रेषेपर्यंत न्यायला सांगायचे, ती जमली की रेषा वर सरकवायची. ताठरलेल्या हाताच्या बाबतीत हेच उलटे करतात आणि पट्टी खाली आणायला शिकवतात. पुढे पडदा मधूनमधून बंद ठेवावा लागतो, नाहीतर यंत्रापुढे जमलेली हालचाल घरी गेल्यावर जमत नाही.

या वापराची पहिली नोंद १९६०मध्ये अमेरिकेतील मारिनाच्ची आणि होरांदे यांनी केली. तीन वर्षांनी कॅनडातील शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन बास्माजियन यांनी दाखवून दिले, की कानावर पडणाऱ्या आवाजाच्या आधारे माणूस एकेका मज्जापेशीच्या ताब्यातला स्नायूतंतूंचा गट वेगळा चालवू शकतो. १९७५मध्ये त्यांनी लकव्यानंतर पाऊल लोंबणाऱ्या रुग्णांवर हे तंत्र वापरले. त्या काळातल्या उत्साहाला नंतर बरीच ओहोटी लागली. २००७च्या कॉक्रेन आढाव्यात १३ चाचण्या आणि २६९ रुग्ण तपासले गेले. काही छोट्या चाचण्यांत नेहमीच्या फिजिओथेरपीला जोड म्हणून फायदा दिसला, पण सगळ्या एकत्र पाहता तो आढळला नाही आणि पुरावाही तोकडा आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. केवळ यंत्राच्या नावावर जादा पैसे मागणाऱ्या दवाखान्यांनी तो भिंतीवर लावायला हरकत नाही.

डोळ्यांऐवजी त्वचेला वर्दी देण्याचे तंत्र बायोफीडबॅकचेच भावंड आहे. पॉल बाख-इ-रीता यांनी १९६९मध्ये कॅमेऱ्यातले चित्र अंध व्यक्तींच्या पाठीवर उमटवले. त्यासाठी खुर्चीत ४०० थरथरणाऱ्या टोकांची जाळी बसवली होती. नंतर थरथरीच्या जागी विजेची हलकी स्पंदने आली आणि पाठीच्या जागी जीभ. जिभेची त्वचा पातळ असते आणि लाळेतून वीज सहज वाहते, त्यामुळे अगदी कमी व्होल्टेज पुरते. कानातील तोलयंत्रणा बिघडलेल्या रुग्णांना डोके कुठे कलते आहे, हे जिभेवरच्या मुंग्यांनी कळवण्याचे प्रयोग बाख-इ-रीता यांच्याच गटाने केले.

मराठवाड्यात कडबा कुट्टीत किंवा मळणी यंत्रात हात गमावलेल्या माणसाला या तंत्राचा अर्थ लवकर कळेल. मायोइलेक्ट्रिक हात दंडा-मनगटातल्या उरलेल्या स्नायूंच्या ईएमजीवर उघडतो आणि मिटतो. पण त्याने पेला धरला की चुरगाळला, हे नजर ठेवल्याशिवाय कळत नाही. बोटांतल्या सेन्सरने मोजलेला दाब उरलेल्या हाताच्या त्वचेवर स्पंदनांनी कळवला, तर नजर मोकळी होते. अडचण अशी, की करंट जाणवणे आणि तो बोचणे यांत अंतर थोडे असते. घामाने ते बदलते, शिवाय सतत येणाऱ्या स्पंदनांना त्वचा सरावते. पेसमेकर असलेल्यांना आणि त्वचेची संवेदना गेलेल्या जागी हे लावताना विशेष काळजी घ्यावी लागते. म्हणून हे तंत्र अजून बरेचसे प्रयोगशाळेतच आहे.

बीड जिल्ह्यात बायोफीडबॅकची खरी कसोटी मात्र हाता-पायापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईने मोळी डोक्यावर घ्यायची, गाडी भरायची, आणि एक दिवस पडून राहिली तर उचलीतून खाडा कापला जायचा. कमी वयातली बाळंतपणे आणि वर्षानुवर्षांचे ओझे यांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. खोकल्यावर लघवी गळते, अंग बाहेर येते. पांढरे जाणे, पाळीचा त्रास, कर्करोगाची भीती अशा कारणांखाली अनेकींची गर्भपिशवीच काढली गेली. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली, तीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. हे प्रकरण उघडकीस आल्यावर खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली.

पिशवी काढल्याने हे स्नायू बळकट होत नाहीत. ते व्यायामाने होतात, आणि पुनर्वसनातले बायोफीडबॅक सुरू झाले तेही याच स्नायूंपासून. लॉस एंजेलिसचे डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी १९४८मध्ये योनीत ठेवायची हवेची नळी आणि तिला जोडलेला दाबमापक वापरला. काटा पाहून बाईला कळायचे, की योग्य स्नायू आवळला गेला की नाही. हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे सांगूनही अनेकजणी ते वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात आणि त्रास वाढवून घेतात. आज तिथे ईएमजीचे इलेक्ट्रोड वापरतात.

व्यायामाचा आणि यंत्राचा हिशेब मात्र चोख झालेला आहे. अंग बाहेर येण्याच्या तक्रारी व्यायामाने कमी होतात, हे २०१४मधल्या मोठ्या चाचणीने दाखवले. लघवी गळणाऱ्या ६०० महिलांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्या जणींना व्यायामासोबत ईएमजी बायोफीडबॅक दिले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. व्यायाम नीट शिकवणारी फिजिओथेरपिस्ट दोन्हीकडे होती, ही यातली मुद्द्याची गोष्ट. स्नायू कुठे आहे हेच न सापडणाऱ्या बाईला पडदा कामाचा ठरू शकतो. इतरांना शिकवणाऱ्या बाईचा हात आणि शब्द पुरतात.

त्या चाचणीतला कार्यक्रम १६ आठवड्यांचा होता आणि प्रत्यक्ष भेटी होत्या सहा. ऊसतोडीच्या फडावर हे शक्य नाही. पण गाळप हंगाम संपून टोळ्या गावी परतल्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत एवढे आठवडे सहज मिळतात. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. तालुक्याच्या गावी या काळात प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचा आठवड्यातला एक दिवस ठेवणे महागड्या यंत्रापेक्षा स्वस्त पडेल. आणि लघवी गळते किंवा अंग बाहेर येते म्हणून पिशवी काढायचा सल्ला मिळालेल्या बाईने संमतीच्या कागदावर अंगठा उमटवण्यापूर्वी एवढे तरी विचारावे, की हे व्यायाम मला कोण शिकवील?