लायसन सस्पेंड, पण ट्रॅक्टर तर चालवायचाय!

गाळप हंगाम सुरू झाला की माजलगावच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. अशात एखाद्या ड्रायव्हरचं लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित झालं, तर त्याचा निम्म्याहून जास्त हंगाम गेला म्हणून समजा. मग वकिलापुढे प्रश्न येतो: "साहेब, कोर्टातून निदान कामापुरती परवानगी काढता येईल का?"

सरळ उत्तर

नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यात कोर्ट अशी मर्यादित परवानगी देतं. ती दिवसाला चार तासांची असते आणि गरज पटवून दिली तर बारा तासांपर्यंत वाढते. न्यूझीलंडमध्येही जिल्हा न्यायालय मर्यादित लायसन देतं. आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यात 'फक्त कामावर जाण्यापुरतं' असं लायसनच नाही. त्यामुळे माजलगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांना दया आली तरी तसा कागद देता येत नाही. हातावर पोट असलेल्यांसाठी ही उणीवच आहे, असं माझं मत आहे.

निलंबन करतं कोण?

पोलीस लायसन जप्त करू शकतात, निलंबित करू शकत नाहीत. कोलकाता उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं. कलम १९ खाली तो अधिकार आरटीओचा आहे, आणि तोही ड्रायव्हरचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच. म्हणून नोटीस आली की लेखी उत्तर द्यावं. ती घडी घालून खिशात ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांची सुनावणी मग त्यांच्याशिवायच उरकते.

कोर्टाचा अधिकार कलम २० मध्ये आहे, पण तो गुन्हा शाबीत झाल्यावर. कामापुरत्या परवानगीच्या जवळ जाणारी कायद्यातली एकच फट इथे सापडते. कोर्ट सगळ्या वाहनांसाठी अपात्र ठरवू शकतं, तसंच ठरावीक प्रकारच्या वाहनापुरतंही. गुन्हा मोटारसायकलवर घडला असेल आणि पोट ट्रॅक्टरवर असेल, तर शिक्षेवर युक्तिवाद चालू असतानाच वकिलानं हे मांडायला हवं. आदेशावर सही झाल्यावर आठवून उपयोग नसतो. कोर्ट ऐकेलच असंही नाही, आणि अपघात करून पळ काढल्याबद्दल दोषी ठरलेल्याला तर किमान एक महिना अपात्र ठरवावंच लागतं.

पावती नीट वाचा

लायसन घेतल्यावर पोलीस पावती देतात. या पावतीवर गाडी चालवता येते, असं चहाच्या टपरीवर सगळेच छातीठोकपणे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. कलम २०६च्या पोटकलम ३ प्रमाणे दिलेल्या पावतीवर, त्यात लिहिलेल्या तारखेपर्यंत, गाडी चालवता येते. पण २०१९च्या दुरुस्तीनं पोटकलम ४ आलं. दारू पिऊन, भरधाव किंवा धोकादायक गाडी चालवणं, हेल्मेट नसणं अशा प्रकरणांत त्याखाली लायसन जप्त होतं. ती पावती फक्त पोच असते. लायसन परत मिळेपर्यंत तिच्यावर गाडी चालवायला मनाई आहे. दोन्ही पावत्या दिसायला सारख्याच वाटतील. फरक कलमाच्या आकड्यात असतो.

तरीही चालवलंच तर

कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. मालकानं माहीत असून गाडी हातात दिली, तर त्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड, वा दोन्ही. खरा फटका मात्र अपघात झाल्यावर बसतो. ड्रायव्हर अपात्र होता म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते. कोर्टानं तिला आधी भरपाई द्यायला लावलं, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळू शकते. उसाचा ट्रॅक्टर बहुधा कर्जावर घेतलेला असतो, त्यात ही भर.

दाद कुठे मागायची?

आरटीओच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं. कोर्टाच्या आदेशासाठी सत्र न्यायालयात जावं लागतं. शिक्षा अपील करण्याइतकी मोठी नसली, तरी कलम २०(१) खालचा अपात्रतेचा आदेश तिथे रद्द होऊ शकतो किंवा बदलता येतो. हे कलम २०(६) मध्ये आहे आणि फारसं कुणी वापरत नाही.

मुदत संपली की आरटीओच्या खिडकीवरून लायसन आपोआप हातात पडेल, असंही नाही. २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे त्याआधी ड्रायव्हरसाठीचा उजळणी वर्ग पूर्ण करावा लागतो. हंगामाच्या तोंडावर निलंबन संपणार असेल, तर त्या वर्गाची चौकशी आधीच करून ठेवावी.