किरकोळ आजार, काउंटरवरचे औषध आणि रुग्णाचा सहभाग

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. विद्यार्थीदशेत आपण सर्वांनीच ते मुखोद्गत केले. रोगी या पादाचे गुण सांगताना आचार्यांनी निर्देशकारित्व, म्हणजे वैद्याचे सांगणे पाळण्याची वृत्ती, जशी आवश्यक मानली तसेच ज्ञापकत्वही, म्हणजे आपली अवस्था वैद्याला नीट कळवता येणे, आवश्यक मानले. व्यवसायात उतरल्यावर मात्र आपण पहिल्या गुणाची अपेक्षा ठेवली आणि दुसऱ्याची सोय केली नाही, असे आम्हाला प्रांजळपणे वाटते. विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात तर स्पष्टच म्हटले आहे की ग्रहणी मृदू आहे की दारुण, रुग्णाला काय रुचते, कशाचा तिटकारा आहे, त्याचे सुखदुःख काय, हे रुग्णाला विचारूनच जाणावे. अलीकडे आधुनिक वैद्यकात ‘सहनिर्णय’ या नावाने जी चर्चा चालते तिचे बीज आपल्या संहितेत आहे, एवढे म्हणून अभिमान बाळगणे सोपे आहे. ते बीज आपल्या काउंटरवर रुजले आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

काउंटर हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर वापरला. सर्दी, खोकला, मलावरोध, अम्लपित्त, गजकर्ण, पाळीच्या तक्रारी यांसाठी पालघर-बोईसर परिसरातील रुग्ण प्रथम वैद्याकडे येत नाही, तो ‘मेडिकल’मध्ये जातो. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगार पाळी संपवून रात्री दुकानापाशी उभा राहतो. सातपाटीचा मच्छीमार होडी समुद्रात जाण्यापूर्वी आठवड्याची सोय करून घेतो. आदिवासी पाड्यावरची बाई बाजाराच्या दिवशी घरातल्या तिघांची औषधे एकदम मागते. तेथे निर्णय अर्ध्या मिनिटात होतो आणि तो प्रायः दुकानदाराचा असतो. ‘ओ.टी.सी.’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, परंतु चिठ्ठीविना विकावयाच्या औषधांची स्वतंत्र व्याख्या आपल्या औषध कायद्यात नाही. आयुर्वेदिक औषधाच्या निर्मितीस परवाना लागतो. केवळ विक्रीसाठी तसा वेगळा औषध परवाना लागत नाही. म्हणजे आपल्या शास्त्राची बहुतेक औषधे व्यवहारतः काउंटरवरचीच ठरतात. ही सवलत आहे, तशीच जोखीमही आहे.

इंग्लंडमध्ये २०१८ साली तेथील शासकीय आरोग्यसेवेने पस्तीस किरकोळ तक्रारींची यादी करून, दुकानात सहज मिळणारी औषधे त्यांच्यासाठी डॉक्टरांनी सरसकट लिहून देऊ नयेत, असे मार्गदर्शन केले. तेथे चिंता ही की जे रुग्ण स्वतः घेऊ शकतो ते डॉक्टर का लिहितो. आपल्याकडे गाडी नेमकी उलट दिशेने धावते. जे वैद्याने पारखून द्यावयाचे ते रुग्ण नाव सांगून विकत घेतो.

याचे ठळक उदाहरण त्रिभुवनकीर्ति रस. ‘ताप-सर्दीची गोळी’ म्हणून ती मागितली जाते आणि दिली जाते. तिच्यात हिंगुळ आहे, वत्सनाभ आहे. हे दोन्ही औषध नियमांच्या अनुसूची ‘ई-१’ मध्ये येतात आणि अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. सूचना छापलेली असते; वाचून कोणी दाखवीत नाही. मराठी वाचणाऱ्याला ती परकी, आणि ज्याला वाचताच येत नाही त्याच्या लेखी ती नाहीच. मात्रा ओलांडल्यास जिभेला व ओठांना मुंग्या येणे, छातीत धडधड होणे ही वत्सनाभाची लक्षणे आपणांस ठाऊक आहेत. रुग्णाला ती ठाऊक नसतील, तर ती दिसल्यावर तो ‘ताप उतरत नाही’ म्हणून आणखी एक गोळी घेईल.

आता आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी बोईसरला चाळिशीचे एक गृहस्थ खोकल्यासाठी आले. कारखान्यात रात्रपाळी, बोलण्यात उत्तर भारतीय हिंदी. गर्दी होती. आम्ही सितोपलादि चूर्ण मधातून चाटण्यास सांगितले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. ते पुन्हा आले नाहीत. दीड महिन्याने बोईसर स्थानकावर भेटले तेव्हा हकिकत कळली. त्यांना मधुमेह होता. घरी मुलाने डबीवरील घटक वाचले, त्यात साखर दिसली, चूर्ण कचऱ्यात गेले. मग एका दुकानातून खोकल्याचे सिरप घेतले. त्याने यंत्रावर डुलकी येऊ लागली आणि पर्यवेक्षकाने एका रात्री परत पाठवले, एक दिवसाचा पगार गेला. खोकला तसाच राहिला. शेवटी सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी झाली आणि क्षय निघाला. ‘वैद्यजी, आपने पूछा ही नहीं,’ एवढेच ते म्हणाले. त्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्यांना आम्ही काय विचारले नाही? खोकला किती दिवसांचा, हे विचारले असते तर तीन आठवडे हे उत्तर मिळाले असते, आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला म्हणजे थुंकीची तपासणी हे राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचे साधे सूत्र त्याच दिवशी लागू झाले असते. मधुमेह्यास क्षयाचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो, हेही तेव्हाच ध्यानी आले असते. चालू औषधे कोणती आणि काम कोणते, हे दोन प्रश्नही राहिले. तिन्ही प्रश्नांना मिळून एक मिनिट पुरे झाले असते.

सितोपलादिविषयी येथे थोडे थांबणे आवश्यक वाटते, कारण भीती आणि बेफिकिरी दोन्ही चुकीच्या आहेत. पाठानुसार एकतीस भागांत सोळा भाग खडीसाखर असते. तीन ग्रॅमच्या मात्रेत सुमारे दीड ग्रॅम, दिवसातून तीनदा घेतल्यास साडेचार ग्रॅमांहून किंचित अधिक, म्हणजे साधारण एक लहान चमचा साखर झाली. मधाची भर वेगळी. दिवसात चार गोड चहा घेणाऱ्या मधुमेह्याने केवळ या चूर्णाला घाबरावे, हे विसंगत आहे. परंतु साखर नियंत्रणात ठेवण्यासाठी धडपडणाऱ्याला हा आकडा न सांगणे हीदेखील फसवणूक आहे. आकडा सांगावा, कोमट पाण्याचे अनुपान सुचवावे, साखरविरहित पर्याय असल्यास तोही दाखवावा आणि मग रुग्णाला विचारावे. काही जण चूर्णच घेतात, काही घेत नाहीत. मात्र ज्याने जाणून घेतले तो ते टाकून देत नाही, असा त्यानंतरचा आमचा अनुभव आहे.

हाच न्याय इतर कल्पांना लागू होतो. लवणभास्कर चूर्ण मागणाऱ्यास रक्तदाब आहे काय, पायांवर सूज येते काय, हे विचारल्याशिवाय ते देऊ नये; नावातच लवण आहे. ज्येष्ठमधाच्या गोळ्या सतत चघळणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णासही सावध करावे. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. मात्रा अल्प असली तरी धर्मनियमाने, माळकरी असल्याने किंवा व्यसन सोडल्यामुळे मद्याचा थेंबही न घेणारा रुग्ण आपल्याकडे येतो. तो निर्णय त्याचा आहे, आपला नव्हे. आणि व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिरॅम घेत असलेल्यास तर अल्प मद्यांशही बाधतो. काढा, वटी, चूर्ण हे पर्याय आपल्या हाताशी असताना विचारण्यात संकोच कसला?

पर्याय देताना रुग्णाचा दिनक्रम पाहणे हेही सहनिर्णयाचेच अंग आहे. पहाटेची डहाणू-विरार लोकल पकडणाऱ्यास रात्री एरंडतेल किंवा त्रिफळ्याची मोठी मात्रा देणे म्हणजे त्याची परीक्षा पाहणे होय. लोकल गाडीत शौचालय नसते. २०१३ सालापासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि आपल्या रुग्णांपैकी पुष्कळ जण रोजचे प्रवासी झाले. कोष्ठ क्रूर की मृदू हे आपण विचारतो, पण उद्या सुट्टी आहे काय, हे विचारत नाही. शनिवारी रात्री घ्या, असे सांगितले की तोच मनुष्य आनंदाने घेतो. पथ्याचेही तसेच. सातपाटी, मुरबे, नवापूरच्या कोळी घरात मासळी बंद करा असे सांगणारा वैद्य पुढच्या वेळी त्या घरात विचारला जात नाही. सुके व खारवलेले मासे काही दिवस टाळा, ताजे कालवणातले चालेल, तिखट निम्म्यावर आणा, एवढ्यावर तडजोड होते आणि ती पाळली जाते.

गजकर्णाविषयी मात्र तडजोड नको. पावसाळ्यातील दमट हवा, कारखान्यातील उष्णता, अंगावर वाळणारे घामट कपडे यांमुळे दद्रूचे रुग्ण बोईसर भागात विपुल. बहुतेकांच्या खिशात आधीच एक मलमाची नळी असते. तिच्यात स्टेरॉइड असले की खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत वाढत राहते, चट्टे पसरतात, त्वचा पातळ होते. मलमांतील अनेक स्टेरॉइड्स २०१८ साली अनुसूची ‘एच’ मध्ये आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. तरीही रुग्ण रिकामी नळी दाखवून ‘हीच द्या’ म्हणतो. येथे सहभागाचा अर्थ रुग्ण मागेल ते देणे असा नाही. बरे होण्यास चार आठवडे किंवा अधिक लागतील, खाज थांबल्यावरही लेप थांबवायचा नाही, घरात आणखी कोणाला असेल तर त्यालाही उपचार हवा, टॉवेल वेगळा हवा, हे आरंभीच सांगावे. चट्टे पसरलेले असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. खरी मुदत ऐकून काही रुग्ण निघून जातात, हे मान्य. जे थांबतात ते मात्र उपचार मध्येच सोडत नाहीत.

सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे रुग्ण समोर नसतानाचा. नवरा, मुलगा किंवा शेजारीण येऊन ‘पाळीची गोळी’ मागते. रजःप्रवर्तनी वटी हे नाव आता दुकानदारालाही पाठ झाले आहे. गर्भ असण्याची शक्यता नाही, हे कळल्याशिवाय ती देणे धोक्याचे आहे, आणि तो प्रश्न गर्दीत, तिऱ्हाइतापुढे विचारता येत नाही. अशा वेळी औषध न देता, ‘ताईंनाच एकदा फोनवर बोलू द्या’ किंवा ‘दुपारी गर्दी नसते तेव्हा त्यांना पाठवा’ असे सांगावे. मूत्रतपासणीची पट्टी दुकानात असतेच. ती आधी, गोळी नंतर. ज्या मुलीला स्वतःहून येण्याची भीती वाटते तिला आपल्या शब्दाने अधिक भीती वाटू नये, याची काळजी दुकानातील पोरसवदा नोकरालाही शिकवावी लागते.

औषधविक्रेते बंधू यावर विचारतील, गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत पाठवायचे काय? कधी कधी होय. साधी सर्दी आठवड्याभरात आपोआप ओसरते. वाफ, गुळण्या, विश्रांती पुरते, हे सांगण्यात एका बाटलीची विक्री बुडते. परंतु पावसाळ्यात थंडी वाजून ताप आलेल्याला, भाताच्या चिखलात राबून पोटऱ्या दुखणाऱ्याला, श्वास लागलेल्याला किरकोळ समजून बाटली दिली आणि पुढे हिवताप किंवा लेप्टो निघाला, तर बुडते ते त्याहून मोठे. गुळवेलीचे उदाहरण फार जुने नाही. कोविडच्या काळात लोकांनी ती मापाविना घेतली. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. वनस्पती योग्य ओळखली गेली होती काय, यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि तो वाद विद्वानांनी करावा. आपल्यापुरता बोध असा की कोणती, किती आणि किती दिवस घेता, हे विचारणारे त्या वेळी काउंटरवर कोणी नव्हते.

न्यायालयाचीही दिशा हीच आहे. शस्त्रक्रियेच्या संमतीसंबंधीच्या एका खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच खरी. चूर्णाच्या पुडीला शस्त्रक्रियेचे नियम जसेच्या तसे लागू करावेत असे आम्ही म्हणत नाही. पण पुडी हातात ठेवताना त्या चार गोष्टींची आठवण ठेवण्यास खर्च येत नाही.

आमच्या चिकित्सालयात आता पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची एक चिठ्ठी ठेवली आहे. एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस हिंदी. वर चार प्रश्न: किती दिवस झाले, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, मधुमेह-रक्तदाब-गर्भारपण आहे काय, काम कोणते व कोणत्या पाळीत. खाली औषधाचे नाव, किती दिवसांत बरे वाटावे आणि काय दिसल्यास थांबून परत यावे. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्राची चित्रे काढून मात्रेपुढे खूण करतो. वारली पाड्यांवरून येणाऱ्या बायकांनी चंद्राचा अर्थ ‘झोपताना’ असा न घेता ‘अंधार पडल्यावर’ असा घेतला, म्हणून आता चंद्राशेजारी अंथरूणही काढतो. शेजारच्या दोन औषधविक्रेत्यांनी हीच चिठ्ठी काउंटरवर ठेवली आहे. गर्दीच्या वेळी ती भरली जात नाही, ही त्यांची तक्रार खरी आहे. त्यावर कोणी उपाय शोधला असल्यास पुढील अंकासाठी संपादकांकडे अवश्य कळवावा.