नफावसुली झाली, हे कळलं कसं?

शेअर बाजार पडला की संध्याकाळच्या बातमीत एक शब्द हमखास येतो: नफावसुली. 'वरच्या पातळीवर नफावसुली झाल्याने सेन्सेक्स घसरला.' वाक्य इतकं सरावाचं झालंय की त्यातली मेख लक्षातच येत नाही. शेअर विकणाऱ्याला 'का विकता' असं बाजाराची यंत्रणा कधी विचारत नाही. मुलीच्या लग्नासाठी विकले, तोटा सोसवेना म्हणून विकले की नफा पदरात पाडून घ्यायला, याची नोंद कुठेच होत नाही. शिवाय विकला गेलेला प्रत्येक शेअर त्याच क्षणी कुणीतरी घेतलेला असतो. जेवढी विक्री, तेवढीच खरेदी. तरी कारण छापलं जातं, कारण नुसता आकडा बातमी म्हणून उभा राहत नाही. त्याला कशाचा तरी 'मुळे' जोडावा लागतो.

जून 2024 चा पहिला आठवडा आठवून पाहा. शनिवारी, 1 तारखेला, मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला दणदणीत बहुमत देऊन टाकलं. सोमवारी सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उसळून 76,468 वर बंद झाला. मंगळवारी निकाल लागला, भाजप 240 जागांवर थांबला आणि सेन्सेक्स 4,389 अंशांनी कोसळला. एका दिवसात सुमारे 31 लाख कोटी रुपयांचं बाजारमूल्य उतरलं. 'आघाडीचं सरकार म्हणजे अस्थिरता' हे त्या दिवशीचं स्पष्टीकरण. शुक्रवारी सेन्सेक्स 76,693 वर, विक्रमी पातळीवर बंद झाला. आता तेच आघाडीचं सरकार 'स्थिर' ठरलं होतं. मधल्या काळात घटक पक्षांचा पाठिंबा पक्का झाला, रिझर्व्ह बँकेने विकासदराचा अंदाज वाढवला, हे खरंच. पण 240 चा आकडा तोच होता. घडून गेल्यावर कारण जुळवणं आणि घडण्याआधी सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं सफाईने करणाऱ्याला दुसरंही जमतं, असं आपण उगाच गृहीत धरतो.

दुसऱ्या कामाची परीक्षा फार पूर्वी झाली आहे. अमेरिकेत आल्फ्रेड कोल्स यांनी 1933 मध्ये 16 सल्लागार संस्थांच्या सुमारे साडेसात हजार शिफारशी तपासल्या. त्या पाळणाऱ्याला सरासरीने बाजारापेक्षा वर्षाला सुमारे दीड टक्का कमीच मिळालं असतं. यात गूढ काही नाही. जे सर्वांना माहीत आहे ते भावात आधीच उतरलेलं असतं. भाव हलतो तो अनपेक्षितामुळे, आणि अनपेक्षिताचा अंदाज सांगणार कोण?

यावर कुणी म्हणेल, काहींचे अंदाज तर सतत खरे ठरतात. ठरणारच. 1,024 जणांनी रोज नाणं उडवून 'तेजी' किंवा 'मंदी' सांगितली, तरी दहा दिवसांनी त्यांतला सरासरी एक जण दहाही वेळा बरोबर निघेल. अकराव्या दिवशी त्यालाच स्टुडिओत बोलावतात; बाकीचे 1,023 कुणाला दिसत नाहीत. मग अर्थविषयक बातम्या वाचूच नयेत का? जरूर वाचाव्यात. कंपनीचं कर्ज किती, प्रवर्तकांनी शेअर तारण ठेवलेत का, तिमाही नफा कुठून आला, ही माहिती मोलाचीच, पण ती झालेल्या गोष्टींची असते. 'टार्गेट' हा प्रकार वेगळा. त्यात बोलणाऱ्याचा स्वार्थही असू शकतो: फेब्रुवारी 2024 मध्ये सेबीने एका वाहिनीवरच्या पाहुण्या तज्ज्ञांवर अंतरिम आदेशाने कारवाई केली. शिफारस प्रसारित होण्याआधीच ती काहींना कळवली जात होती आणि ते त्यावर कमाई करत होते, असं सेबीचं प्राथमिक निरीक्षण होतं.

येत्या दिवाळीत मुहूर्ताच्या सौद्यांसाठी तज्ज्ञांच्या शिफारशींची यादी छापून येईल. तिचं कात्रण कापून ठेवा, कडेला त्या दिवशीचा निफ्टी लिहा आणि पुढच्या दिवाळीला फराळाला बसण्याआधी ते एकदा काढून बघा.