टाकीतील रिकामी जागा

मांडवा म्हटले की बहुतेकांना गेटवे ऑफ इंडियाहून येणाऱ्या लाँच आठवतात, किंवा २०२० साली भाऊच्या धक्क्याहून सुरू झालेली रो-रो बोट. आम्हांला मात्र तिथली एक छोटी टाकी आठवते.

नारळी पौर्णिमेच्या आधीचे दिवस होते. पावसाळ्यात शाकारून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याची तयारी किनाऱ्यावर चालली होती. एका होडीत ट्रकचे डिझेल इंजिन बसवले होते आणि मिस्त्री त्याच्या पाण्याच्या नळ्या नव्याने जोडत होते. इंजिनाच्या वर एक टाकी होती. मदतनीस मुलगा ती काठोकाठ भरू लागला, तसे मिस्त्री ओरडले, "अरे, वर चार बोटे जागा ठेव!" आम्ही कारण विचारले. "पाणी तापले की फुगते. आणि हवेलाही कुठेतरी बसायला जागा लागते," ते म्हणाले. ही दोन वाक्ये जरा उलगडून पाहू.

ट्रकमध्ये इंजिनाचे पाणी रेडिएटरमध्ये जाते आणि वाऱ्याने थंड होते. होडीत इंजिन बंदिस्त खणात असते, तिथे वारा कुठला? पण भोवती समुद्र आहे. मग समुद्राचेच पाणी इंजिनातून का फिरवू नये? कारण खाऱ्या पाण्याने धातू गंजतो. शिवाय त्यातील कॅल्शियमचे काही क्षार तापल्यावर कमी विरघळतात आणि गरम पृष्ठभागावर त्यांचा थर बसतो. अंघोळीच्या बंबात आतून पांढरे पुट धरते, तसाच हा प्रकार. हा थर उष्णतेला अडवतो.

म्हणून पाण्याचे दोन वेगळे मार्ग करतात. इंजिनातून गोडे पाणी फिरते. त्यात गंजरोधक द्रव्य घातलेले असते. हे पाणी एका नळकांड्यात जाते, तिथे बारीक नळ्यांच्या भिंतीआडून समुद्राचे पाणी वाहत असते. उष्णता भिंतीतून पलीकडे जाते, पाणी मात्र एकमेकांत मिसळत नाही. याला उष्णता-विनिमयक म्हणतात. डिझेलमधील ऊर्जेचा साधारण पाव ते एक तृतीयांश हिस्सा अशा रीतीने पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो.

ट्रकचा रेडिएटर काढला की त्याच्या वरच्या भागातली मोकळी जागाही जाते. ती परत द्यावी लागते. हीच प्रसरण-टाकी.

पाणी किती फुगते?

समजा, इंजिन, नळ्या आणि विनिमयक मिळून ३० लिटर पाणी मावते. सकाळी ते ३० अंश सेल्सिअसला आहे, इंजिन चालू झाल्यावर ९० अंशांपर्यंत जाते. एवढ्या तापमानवाढीत पाण्याचे आकारमान सुमारे ३ टक्क्यांनी वाढते, म्हणजे जवळजवळ १ लिटर पाणी जास्त होते. लोखंडी भांडेही फुगते, पण या प्रमाणात नगण्य.

हे जादा लिटर जाणार कुठे? पाणी दाबले जाणे फार कठीण. ३ टक्के प्रसरण पूर्णपणे रोखून धरायचे, तर शेकडो वातावरणांचा दाब लागेल. त्याआधीच रबरी नळी फाटेल. हवा मात्र सहज दबते. टाकीत वर राहिलेली हवा म्हणजे पाण्यासाठी ठेवलेली मऊ उशीच.

टाकीचे झाकणही साधे नसते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात, साधारणतः अर्धे ते एक वातावरण, वाढला तरच त्यातील स्प्रिंगची झडप उघडते. एक वातावरण जादा दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. आपल्या प्रेशर कुकरचे तत्त्व तेच. इंजिन थंड होताना पाणी आकसते, तेव्हा दुसरी छोटी झडप बाहेरची हवा आत घेते. ती नसेल तर रबरी नळ्या चेपतात.

यातूनच एक धोका उद्भवतो. ११० अंशांचे पाणी केवळ दाबामुळे द्रव राहिलेले असते. गरम इंजिनाचे झाकण उघडले की दाब एकदम उतरतो, पाणी क्षणात उकळून उसळते आणि हात-तोंड भाजते. म्हणून इंजिन थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

हवेची लबाडी

मिस्त्रींच्या दुसऱ्या वाक्याकडे वळू. पातेल्यात पाणी तापवताना उकळण्याच्या बरेच आधी तळाला बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा असते. इंजिनातही ती सुटते, पाणी भरतानाही थोडी अडकते, आणि वर चढून सर्वांत उंच कोपऱ्यात दडून बसते. तो कोपरा बहुधा सिलिंडरच्या माथ्याशी, म्हणजे जिथे उष्णता सर्वाधिक तिथेच असतो. हवा पाण्याच्या मानाने फारच थोडी उष्णता वाहून नेते, त्यामुळे तेवढाच धातू भलताच तापतो. तापमापकाचे टोक त्या हवेत उघडे पडले, तर काटा खरे तापमान दाखवत नाही. तांडेल काट्यावर विसंबून असतो आणि आत माथ्याला तडा जात असतो.

म्हणून टाकी सर्वांत उंच हवी. इंजिनाच्या माथ्यावरून आणि विनिमयकाच्या वरच्या टोकाकडून एकेक बारीक नळी टाकीत आणायची. या नळीला सतत चढ हवा. मध्ये उंचवटा आला की तिथे हवा अडते आणि झोळ पडला की पाणी साचून वाट अडवते. सगळे पाणी टाकीतून घुसळत नेले तर हवा पुन्हा त्यात मिसळेल, म्हणून ही नळी बारीकच ठेवतात.

टाकीच्या तळापासून एक जाड नळी खाली जाते. ती पंपाच्या शोषणाच्या बाजूला जोडायची, ढकलण्याच्या बाजूला नव्हे. का? पंप पाणी फिरवतो, पण बंद मार्गातील एकूण पाणी वाढवू शकत नाही. त्यामुळे टाकीतील पाण्याची पातळी, आणि म्हणून टाकी जिथे जोडली आहे तिथला दाब, पंप चालू केल्याने फारसा बदलत नाही. टाकी पंपाच्या पुढे जोडली, तर पंपाचा सारा जोर मागे ओढ निर्माण करण्यात दिसेल. तिथे दाब घटून गरम पाण्यात वाफेचे बुडबुडे होतील आणि पंप पाणी ढकलेनासा होईल. टाकी पंपाच्या मागे जोडली की तिथला दाब टिकून राहतो.

वर्गात करून पाहा

औषधाची २० मिलिलिटरची काचेची बाटली रंगीत पाण्याने पूर्ण भरा. रबरी बुचातून स्वच्छ केलेली रिकामी, दोन्ही टोकांना उघडी रिफिल घट्ट बसवा. बाटली गरम पाण्यात धरा. रिफिलमधले पाणी क्षणभर किंचित खाली जाईल, मग भराभर वर चढेल. आधी खाली का गेले, हे मुलांनाच शोधू द्या. रिफिलचे वरचे टोक मात्र कधीही बंद करू नका.

दुसरा प्रयोग गवंड्याच्या लेव्हलच्या नळीचा. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी सारखी असल्याचे दाखवा. मग मध्ये उंचवटा करून तिथे हवा अडकू द्या आणि एका टोकाकडून थोडे पाणी ओता. पातळ्या जुळत नाहीत. बुडबुडा राहिलेली नळी गवंडी का झटकतो, तेही मुलांना कळेल.

रस्त्यावर इंजिन तापले तर गाडी कडेला लावता येते. मुंबई बंदराच्या तोंडाशी, मोठ्या जहाजांच्या वाटेत, ओहोटीबरोबर वाहत जाणाऱ्या होडीला कडा नसते. आतल्या माणसांचे घरी परतणे त्या चार बोटे जागेवर अवलंबून असू शकते. मदतनीस मुलाला जागा ठेवायची हे त्या दिवशी कळले. ती का ठेवायची, हे त्याला सांगण्याचे काम शाळेचे आहे.