फवारणीचे शिक्षण आणि त्याची भाषा

सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. या दुर्घटनेचा विचार रसायनशास्त्र, वैद्यक व कृषिविस्तार या अंगांनी पुष्कळ झाला. सुरक्षित फवारणीचे शिक्षण ज्या भाषेतून दिले जाते, त्या भाषेचा विचार प्रस्तुत लेखात कर्तव्य आहे.

प्रथम शब्द घेऊ. शिक्षक ज्याला ‘कीटकनाशक’ म्हणतो त्याला शेतकरी ‘औषध’ म्हणतो. ‘ओषधी’ म्हणजे वनस्पती. तिच्यापासून सिद्ध झालेला हा शब्द आज वनस्पतीवर फवारावयाच्या विषाचा वाचक झाला आहे. वृत्तपत्रांत तर ‘विषारी औषध प्राशन केले’ असा वदतोव्याघात रूढच आहे. पिकाचा रोग बरा करणारे ते औषध, हा अर्थ मनात दृढ असला म्हणजे त्याची मात्रा वाढविणे अथवा दोनतीन द्रव्ये एकत्र कालविणे हे अविचाराचे वाटत नाही. वस्तुतः ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील द्रव्ये मज्जासंस्थेतील अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निष्क्रिय करतात, आणि हे विकर किडीच्या शरीरात असते तसेच मनुष्याच्याही असते. ही द्रव्ये श्वासाबरोबर शिरतात, त्याचप्रमाणे त्वचेतूनही शिरतात. दाट, उंच वाढलेल्या कपाशीतून पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्याचे कपडे ओले होतात, हीच खरी भीतीची गोष्ट होय.

आता चिन्हांकडे वळू. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखालील १९७१ च्या नियमांनुसार वेष्टनावर एका कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा दर्शवितो: उतरत्या क्रमाने लाल, पिवळा, निळा, हिरवा. हा क्रम तर्कशुद्ध असला तरी तो संकेतच आहे, आणि संकेत शिकवावा लागतो. हळदीचा पिवळा व पिकाचा हिरवा यांत आपल्या समाजाला भयसूचक असे काहीच दिसत नाही. हिरवा त्रिकोण ‘निर्धोक’ असे सांगत नाही, ‘तुलनेने कमी विषारी’ एवढेच सांगतो. हा भेद वर्गात स्पष्ट केल्यावाचून कळणे कठीण. शिवाय पुष्कळदा द्रावण मालक कालवितो आणि फवारणी रोजंदारीचा मजूर करतो. ज्याच्या अंगावर ते उडते त्याच्या दृष्टीस वेष्टन पडतच नाही.

वेष्टनावर हिंदी, इंग्रजी आणि एकदोन प्रादेशिक भाषा असाव्यात असा नियम आहे. परंतु या जिल्ह्यात केळापूर, झरी जामणी, मारेगाव या भागांत कोलामी बोलणारा समाज आहे. पुसद-दिग्रसकडे गोरमाटी ऐकू येते. कोलामी ही द्राविडी भाषा असून तिचे एमेनो यांनी केलेले वर्णन १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यासकांना ती इतकी परिचित असून वेष्टनाला मात्र अपरिचित राहावी, हे खटकते. येथे लिपीपेक्षा तोंडी शिक्षणाचे, म्हणजे त्या भाषेत बोलणाऱ्या शिक्षकाचे महत्त्व अधिक आहे.

विक्रेत्यांच्या शिक्षणाची व्यवस्था आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेने २००३ मध्ये कृषिनिविष्ठा विक्रेत्यांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. दुकानदार हाच बहुधा शेतकऱ्याचा पहिला सल्लागार असल्याने ही योजना उचितच होय. मजुरापर्यंत ते ज्ञान पोचविण्याचे काम मात्र त्यानंतरही उरतेच.

शेवटी रिकाम्या डब्यांविषयी. डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत व त्यांतील अवशेष जमिनीत अथवा पाण्यात जाऊ नयेत, म्हणून ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत असे १९७१ चे नियम सांगतात. तेथे हे कर्तव्य उत्पादक व फवारणीचा व्यवसाय करणारे यांच्यावर आहे. मराठी सूचनेत उरते ते केवळ ‘डबे पुरावेत’. हे विध्यर्थी रूप कर्त्यावाचून चालते. मालकाला वाटते मजूर पुरील, मजुराला वाटते मालक. आणि डबा बांधावर किंवा विहिरीच्या काठी पडून राहतो. ‘ज्याने द्रावण कालविले त्याने त्याच दिवशी डबा फोडून, विहिरीपासून व वस्तीपासून दूर पुरावा’ असे वाक्य लांबट असले तरी त्यात कर्ता आहे.